‘निरंक’ या शेऱ्याबद्दल एक खुले पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, कोकणातील सर्व जिल्हा परिषदा,
तसेच सर्व जिल्हा शल्यचिकित्सक

विषय : शाळकरी मुलांची डोळेतपासणी आणि तिच्यानंतरचा चष्मा

महोदय, महोदया,

सादर नमस्कार. मी ३१ वर्षं प्राथमिक शिक्षिका होते, त्यातली बहुतेक वर्षं दक्षिण कोकणात, खाडीकाठच्या द्विशिक्षकी शाळांत. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी लागेल, माझ्या जागी आलेल्या बिचाऱ्या बाईंना खुलासा द्यावा लागेल आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल. हे पत्र एका तालुक्याचं नाहीच. शिक्षण परिषदांना, प्रशिक्षणांना, निवडणुकीच्या कामाला जिथे जिथे गेले तिथल्या शिक्षकांकडून हेच ऐकलं.

आधी माझी कबुली. वीसेक वर्षांपूर्वी चौथीत एक मुलगा होता. बाप खलाशी. तोंडी गणितात पोरगा तल्लख, पण फळ्यावरचं उतरवून घ्या म्हटलं की शेजारच्याच्या वहीत डोकवायचा. मी त्याला दोनदा उठवून एकटं बसवलं, शेवटच्या रांगेत. आता लिहितानाही हात अडखळतो : शेवटच्या रांगेत! तिथे त्याने काहीच लिहिलं नाही आणि मी प्रगतिपुस्तकात ‘लेखनाचा कंटाळा करतो’ असं लिहून मोकळी झाले.

शाळा धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. मधल्या सुट्टीत मुलं गडग्याशी उभी राहून खाडीच्या तोंडातून आत येणाऱ्या होड्या ओळखायची, रंगावरून नाहीतर बावट्यावरून. हा मुलगा खाडीकडे पाठ करून उभा राहायचा आणि इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा, ही अमक्याची, ही तमक्याची. बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी. आम्हा दोघाही शिक्षकांना त्याचं केवढं कौतुक! हा आवाजावरूनच का ओळखतो, हे विचारायचं मात्र दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. त्या वर्षीच्या आरोग्य तपासणीच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे डोळ्यांच्या रकान्यात ‘निरंक’, म्हणजे ‘काही दोष नाही’, असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे.

सातवीच्या वर्षी मे महिन्यात त्याचा चाकरमानी काका त्याला मुंबईला घेऊन गेला आणि तिथे डोळे तपासले गेले. नंबर निघाला उणे साडेचार. या आकड्याचा ज्यांना अंदाज नसेल त्यांच्यासाठी सांगते : एवढ्या नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय जेमतेम वीतभर अंतरापर्यंतचं स्वच्छ दिसतं. त्यापुढचं सगळं धुक्यात. चौथीत नंबर थोडा कमी असेलही, पण माझा फळा शेवटच्या रांगेपासून पंधरा फुटांवर होता.

तेव्हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नव्हता. तो २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, आणि साऱ्या देशासाठी त्याचा आरंभ झाला तो आपल्याच कोकणपट्टीत, पालघरला. जन्मतः असलेले दोष, पोषणाच्या कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतले अडथळे या चार गटांतल्या ३० गोष्टी, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पथकात एक पुरुष डॉक्टर, एक महिला डॉक्टर, औषधनिर्माता, परिचारिका. या कार्यक्रमाची टिंगल करणाऱ्यांतली मी नाही. माझ्या शाळेतल्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र त्या पथकानेच शोधलं. शस्त्रक्रिया झाली, घरच्यांना खर्च आला नाही. आज ती मुलगी डोंगर चढून कॉलेजला जाते.

डोळ्यांचं घोडं नेमकं कुठे अडतं, ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. पथकाची गाडी दहाला यायची ती साडेअकराला येते, कारण आधीची शाळा वरच्या वाडीत आणि रस्ता मधेच संपलेला. मग वजन, उंची, दात, नखं, कातडी, छाती. दुपारी पुढची शाळा गाठायची असते. डोळ्यांच्या वाट्याला पोरामागे अर्धा मिनिट येतो. मूल दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्त्यासमोर उभं. ‘हे दिसतं? बरं. हे? बरं. चल, पुढचा.’ आणि आम्ही शिक्षक शेजारी बसून निरंक, निरंक लिहीत जातो. सही, शिक्का, चहा.

तक्त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ही चूक सुधारायला पैसे लागत नाहीत, पट्टी लागते. स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली हा तक्ता केला. त्यामागे भूमितीचा साधा हिशेब आहे. ६/९ म्हणजे निरोगी डोळा जे नऊ मीटरवरून वाचतो, ते सहा मीटरवर आल्यावरच वाचता येणं; खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी. सहा मीटरवरून, म्हणजे जवळजवळ वीस फुटांवरून, वाचायच्या तक्त्यावर सगळ्यात वरचं ६/६० चं अक्षर ८७ मिलिमीटर उंच हवं. ६/९ च्या ओळीतलं १३ मिलिमीटर, ६/६ चं जेमतेम ९. शाळेतल्या चाळणीला ६/९ ची ओळ पुरते. ती ज्या डोळ्याने वाचता येणार नाही, तो डोळा पुढे दाखवायचा. आमच्याकडे तक्ता आला तो व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘सर्व मुख्याध्यापकांनी प्रिंट काढून घ्यावी’ या सूचनेसह. प्रिंट निघाली ए-फोर कागदावर. वरचा ‘ई’ मोजला तर ५० मिलिमीटर. वर्ग लहान, बाकं सरकवून मुलाला उभं करायला आठ फूट जागा. तक्ता लहान झाला आणि अंतरही कमी झालं, तेव्हा दोन चुका मिळून उत्तर बरोबर येईल असं कुणालाही वाटेल. मी गणित शिकवायचे, म्हणून करून पाहिलं. त्या खोलीत ६/९ ची ओळ वाचून सुटणाऱ्या मुलाची खरी नजर ६/१३ च्या आसपास असू शकते. म्हणजे जी मुलं पकडायची तीच नेमकी चाळणीतून खाली पडतात.

शिवाय मुलं रांगेत उभी असताना पुढच्याचं ऐकून ओळ पाठ करतात. पाढे पाठ करायला रडणारीसुद्धा ही ओळ बिनचूक म्हणून दाखवतात. म्हणून चारही दिशांना वळणारा ‘ई’ बरा. मुलाने तीन बोटं तशी वळवून दाखवायची, पहिलीतल्या आणि बुजऱ्या पोरालाही जमतं. डोळा झाकायचा तो तळहाताच्या खोलगट भागाने. बोटांनी झाकला की फटीतून बघतात, आणि दाबून झाकला तर उघडल्यावर तोच डोळा घटकाभर धुरकट बघतो. राहिला उजेड. जुलैत आमच्याकडे सकाळी अकरा वाजता वर्गात अंधारून येतं, वीज आदल्या रात्रीपासून नसते, व्हाळ भरला म्हणून अर्धी मुलं आलेली नसतात. अशा दिवशी केलेल्या तपासणीला मी तपासणी म्हणणार नाही.

यावरून माझी पहिली मागणी तारखेची आहे. डोळे एप्रिलमध्ये तपासा. तेव्हा उजेडाची ददात नसते, शाळेच्या पडवीत खडूने वीस फुटांची रेघ ओढता येते, परीक्षा संपत आल्यामुळे शिक्षकाच्या हाताला थोडी उसंत असते. त्याच सुमारास शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, म्हणजे जूनमध्ये पहिलीत येणारी मुलंही आईबरोबर आपसूक शाळेत आलेली असतात. तिथे आपण त्यांना रंग ओळखायला, चेंडू झेलायला लावतो. एक डोळा झाकून ‘ई’ दाखवायला लावणं त्यातच बसेल.

पहिलीच्या मुलांवर एवढा भर का, ते सांगायला दुसरी गोष्ट सांगावी लागेल.

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, आठवत असेल. आमच्या शाळेतही एकामागून एक पोरांचे डोळे आले. सहावीतल्या एका मुलीचा आधी उजवा डोळा आला, सुजून पार मिटला. तिला घरी पाठवायला मी तिच्याबरोबर व्हरांड्यापर्यंत गेले, तर ती रोजच्याच पायरीवर अडखळून पडली. उचललं, तर म्हणाली, “बाईंनू, काळोख झालो.” डावा डोळा तर उघडा होता, दिसायला स्वच्छ, टपोरा. त्या डोळ्याने तिला माझा चेहराही धड दिसत नव्हता, आणि तो तसा बहुधा जन्मल्यापासूनच होता. तिला स्वतःला ते ठाऊक नव्हतं, कारण दुसऱ्या डोळ्याने बघायचं म्हणजे काय हे तिने कधी अनुभवलंच नव्हतं. नोंदवहीत मागची दोन्ही वर्षं काय लिहिलं असेल ते सांगायला नको.

याला आळशी डोळा म्हणतात. नाव मला आवडत नाही, आळस त्या डोळ्याचा नसतोच. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला, किंवा एक डोळा तिरळा असला, की मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रं जातात. मेंदू त्यातलं अंधूक चित्र टाकून द्यायला शिकतो, आणि मग त्या डोळ्याची नजर वाढतच नाही. नुसता चष्मा देऊन भागत नाही. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून कमजोर डोळ्याला कामाला लावावं लागतं. हे सगळं सात वर्षांच्या आत झालं तर उत्तम. पुढे गुण येत नाही असं नाही, पण कमी येतो आणि उशिरा येतो. त्या मुलीला अकराव्या वर्षी पट्टी लागली. थोडा फरक पडला. पहिलीत असताना तिचा उजवा डोळा कुणी एका मिनिटासाठी झाकला असता तर? एका मिनिटाची आणि एका तळहाताची गोष्ट होती. म्हणून ‘प्रत्येक डोळा स्वतंत्र तपासावा’ हे वाक्य आपल्या परिपत्रकात ठळक अक्षरांत हवं, आणि नोंदवहीत डोळ्यांचा एक रकाना आहे तिथे दोन हवेत : उजवा, डावा.

आता चष्म्याकडे वळते. खरं तर मला भांडायचं आहे ते इथेच.

समजा तपासणी नीट झाली, मूल सापडलं. त्याच्या हातात संदर्भ चिठ्ठी येते : ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना दाखवावे. आमच्या गावाहून त्यासाठी सकाळी सातची एसटी, मग गाडी बदलायची. आई काजूच्या कारखान्यात नाहीतर आंब्याच्या पेट्या भरायला जाते. “आज गेलंय तर हजेरी बुडतली,” एका आईने मला सांगितलं आणि तरीही ती गेली. त्या दिवशी नेत्रचिकित्सा अधिकारी दुसऱ्या गावी मोतीबिंदूच्या शिबिराला गेले होते. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करून तपासायचं, पुन्हा बोलावू असं सांगितलं. लहान मुलांचा नंबर काढायचा तर ते थेंब अनेकदा लागतात, यात कुणाची चूक नाही. पण ती आई तिसऱ्यांदा गेली नाही, आणि तिला मी दोष देणार नाही.

ज्यांचे नंबर निघाले त्यांची यादी वर गेली. मागणी, मंजुरी, पुरवठा. माझ्या शाळेतल्या चार मुलांचे चष्मे दहा महिन्यांनी आले. तोवर दोघं पाचवीला हायस्कुलात गेली होती, एकीचा नंबर बदलला होता, आणि चौथ्या मुलाच्या नाकावर तो चष्मा थांबेना, कारण फ्रेम मोठ्या माणसाची होती. चारही चष्मे वाटल्याची पोच मी दिली. ती पोच कागदोपत्री खरी आहे. वरच्या अहवालात चार लाभार्थी वाढले असतील.

आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि शाळकरी मुलांना मोफत चष्मा देणं त्यात बसतं. म्हणजे अडचण योजनेची नाही. शाळा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे, पथक आणि नेत्रचिकित्सा अधिकारी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, चष्म्याची खरेदी आणखी तिसऱ्या टेबलावर. मूल या तिघांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं असतं. प्रत्येकाचा अहवाल आपापल्या जागी पूर्ण आणि बरोबर असतो, आणि पोराच्या नाकावर चष्मा नसतो.

मी काय सुचवते ते सरळ सांगते. चाळणी शिक्षकाने करावी. महिन्याच्या शिक्षण परिषदेत नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी दोन तास दाखवलं तर आम्हाला सहज जमेल. मोजून छापलेला तक्ता आणि सहा मीटरची सुतळी प्रत्येक शाळेला द्यावी. पट वीसच्या आत असलेल्या आमच्या शाळांत हे एका सकाळचं काम आहे. जी मुलं अडकतील त्यांना तालुक्याला न पाठवता नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी भिंगांची पेटी घेऊन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रशाळेत यावं. एका केंद्रातली दहा-बारा शाळांची मुलं एका दिवसात होतात, आयांची हजेरी बुडत नाही, आणि फ्रेम तिथल्या तिथे पोराच्या नाकावर बसवून बघता येते. तिरळेपणा, आळशी डोळा, जन्मजात मोतीबिंदू यांचा संशय असेल तेवढ्यांनाच जिल्हा रुग्णालयात न्यावं, आणि न्यावं म्हणजे गाडीने न्यावं. चष्मे मे महिन्यात बनावेत, आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर शाळेत पोहोचावेत. पुस्तकं पहिल्या दिवशी देण्याचं आपल्याला जमतं. पुस्तक वाचायचं साधनही त्याच दिवशी द्या. साधा चष्मा हापूसच्या पेटीपेक्षा स्वस्त पडतो हो.

आणि फ्रेम प्लॅस्टिकची द्या. हे सांगण्याचं कारण, खरेदीचे निकष ठरवणारे बहुधा घाटावर बसलेले असावेत. आमच्या खाऱ्या हवेत धातूच्या फ्रेमचा स्क्रू दोन पावसाळे काढत नाही. गंजतो, काडी गळते, मग दोऱ्याने बांधलेला चष्मा घालायची पोरांना लाज वाटते आणि तो दप्तरात जातो. सगळ्यांना एकाच काळ्या जाड फ्रेमचा चष्मा देऊ नका. चार रंग ठेवा, पोरांना निवडू द्या. निवडलेला चष्मा पोरं घालतात, लादलेला हरवतात. गावात चष्मा दुरुस्त करणारा कुणी नसतो, तेव्हा शाळेत एक बारीक स्क्रूड्रायव्हर आणि नाकावर टेकणाऱ्या गाद्यांच्या पाच-सहा जोड्या ठेवल्या तर निम्म्या दुरुस्त्या बाईच करतील. मी केल्या आहेत.

घरच्यांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर सगळं खापर आपल्यावर फोडल्यासारखं होईल. एका आजीने नातीचा चष्मा पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून दिला होता. मी घरी गेले तेव्हा म्हणाली, “चष्मो लागलो तर चेडवाचा लगीन कसा जमतला?” नात दुसरीत होती! नातवाचा चष्मा मात्र कुणी ट्रंकेत ठेवल्याचं मी पाहिलं नाही. दुसरा समज असा की चष्मा घातल्याने नंबर वाढतो. नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याचा गोल लांबत जातो म्हणून. चष्मा काढून ठेवला म्हणून तो लांबायचा थांबत नाही. तिसरं म्हणजे पाला. शेवग्याचा पाला, अळू, पपई, मासे हे सगळं डोळ्यांना चांगलंच. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, बुबुळसुद्धा जाऊ शकतं. म्हणून तर नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत त्याचे नऊ डोस असतात, ते चुकवू नयेत. पण लांबलेल्या डोळ्याला पाला आखूड करू शकत नाही. त्याला भिंगच लागतं. आणि डोळ्यात मध, तूप, काजळ घालणाऱ्यांना मी हात जोडते, दुसरं काय करणार.

हे सगळं पालक सभेत डॉक्टरांनी पाच मिनिटं सांगितलं तर फरक पडतो, कारण बाईंचं ऐकायचं की नाही हे आज्या ठरवतात, डॉक्टरांचं मात्र ऐकतात.

मोबाइलचा विषय निघेलच, म्हणून दोन ओळी. लघुदृष्टी, म्हणजे लांबचं अंधूक दिसणं, वाढते आहे आणि त्यात जवळून, तासन्‌तास बघण्याचा वाटा आहे. पण नुसतं ‘मोबाइल नको’ म्हणून पोर मोबाइल सोडत नाही. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर काढायला लावली. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले : तीन वर्षांत लघुदृष्टी झालेल्यांचं प्रमाण इतर शाळांत सुमारे ४० टक्के होतं, या शाळांत ३० टक्के. दिवसाच्या मोकळ्या उजेडाने डोळ्याचं लांबणं लांबणीवर पडतं. आमची पोरं पूर्वी डोंगर उतरून, मळे ओलांडून शाळेत यायची, तेव्हा हा उजेड त्यांना फुकट मिळत होता. आता कमी पटाच्या शाळा बंद होतात, पोरं सकाळी गाडीत बसतात आणि संध्याकाळी गाडीतून उतरतात. शाळा बंद करण्याचा हिशेब मांडताना हाही आकडा कुणीतरी धरावा. निदान खेळाच्या तासिकेत ऑनलाइन माहिती भरायला शिक्षकाला बसवू नका. शिक्षक आत बसला की पोरंही आत बसतात.

अपघातांचं एकच सांगते. पानाच्या चंचीतला चुना पोरांच्या हाती लागतो, पुडी दाबली की फुटते आणि थेट डोळ्यात. चुना डोळा जाळतो. अशा वेळी गाडी शोधत बसायचं नाही, आधी स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचं, वीस मिनिटं तरी, पापणीच्या आतला कण निघेपर्यंत, आणि मग दवाखाना. हे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवलं तरी चालेल. सुविचारांपेक्षा उपयोगी पडेल.

शेवटची मागणी रकान्याची. तपासलेली मुलं किती, दोष आढळलेली किती, पुढे पाठवलेली किती, हे सगळे आकडे आपण मागवता. एकच वाढवा : गणपतीची सुट्टी संपून शाळा भरेल त्या आठवड्यात, चष्मा लागलेल्या मुलांपैकी किती जणांच्या डोळ्यांवर त्या दिवशी चष्मा आहे. केंद्रप्रमुखांनी वर्गात उभं राहून, स्वतःच्या डोळ्यांनी मोजायचं. मला शिक्षण खात्याची ३१ वर्षांची ओळख आहे. जो रकाना भरावा लागतो ते काम होतं, आणि ज्याचा रकाना नसतो ते काम होत नाही. याची लाज वाटून घेण्यात अर्थ नाही, त्याचा उपयोग करून घ्यावा.

तो होड्या ओळखणारा मुलगा आठवीनंतर शाळेत गेला नाही. पाया कच्चा राहिला होता, आणि तो कुणी कच्चा ठेवला ते वर लिहिलंच आहे. आता धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करतो. कान अजून तसाच आहे, लांबून येणाऱ्या होडीचं काय बिघडलंय ते ती लागायच्या आधी सांगतो. जाड काचांचा चष्मा, मागे दोरी बांधलेली. मागच्या आठवड्यात मी मासे आणायला गेले होते तेव्हा हात पुसत आला. त्याची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जायची आहे. टीव्ही बघताना मान वाकडी करते म्हणाला. मग त्याने विचारलं, “बाईंनू, चेडवाचे डोळे कधी तपासतले?”

तालुक्याच्या ठिकाणी कुठे, कोणत्या दिवशी जायचं ते मी त्याला लिहून दिलं आहे. तो जाईल, त्याला किंमत कळलेली आहे. त्या मुलीबरोबर पहिलीत बसणाऱ्या बाकीच्या पोरांची तारीख मात्र मला सांगता आली नाही. ती आपण कळवावी.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका